हर्शी, पेनसिल्व्हेनिया: चॉकलेटच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, मेरिलँडकडच्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-बाबा नाहीतर सासू-सासरे आले की ठरलेली यादी निघते: नायगारा, वॉशिंग्टन, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, आणि नातवंडांच्या हट्टापायी हर्शी. पहिल्या तीन ठिकाणांबद्दल कुणी फारसं विचारत नाही. हर्शीबद्दल मात्र फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. तिकिटांचे दर आणि वेळा मोसमागणिक बदलतात. त्या पार्कच्या संकेतस्थळावरच बघाव्यात.

हर्शी म्हणजे नक्की काय? गाव, कंपनी की पार्क?

तिन्ही. शिवाय एक माणूस आणि एक शाळासुद्धा. मिल्टन हर्शी या माणसाने चॉकलेटचा कारखाना काढला, कारखान्याभोवती गाव वसवलं, गावकऱ्यांसाठी बाग केली आणि सगळी मालमत्ता एका शाळेच्या नावावर करून टाकली. आज आपण ज्याला 'हर्शीला जाऊन आलो' म्हणतो ते बहुतेक वेळा हर्शीपार्क असतं, म्हणजे रोलर कोस्टर आणि पाण्याच्या घसरगुंड्या. पण पार्कच्या पलीकडे माणसं राहतात, शाळेच्या बस फिरतात, मोठं इस्पितळ आहे. गंमत म्हणजे कागदोपत्री हर्शी नावाची नगरपालिकाच नाही. हा सगळा भाग डेरी टाउनशिपमध्ये मोडतो, त्यामुळे हर्शीला महापौरही नाही.

कारखाना आतून बघता येतो का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त हिरमोडही इथेच होतो, म्हणून आधीच सांगतो.

एकेकाळी बघता यायचा. लोक रांगेने आत जायचे, चॉकलेट घोटणारी यंत्रं बघायचे आणि हातात वडी घेऊन बाहेर पडायचे. १९७० च्या सुमारास वर्षाला दहा लाखांच्या आसपास माणसं येऊ लागली. चालू कारखान्यातून एवढी गर्दी फिरवणं झेपेना. तेव्हा कंपनीने कारखान्याची दारं पाहुण्यांना बंद केली आणि १९७३ मध्ये पार्कला लागून 'चॉकलेट वर्ल्ड' उभं केलं.

तिथे छोट्या गाडीत बसून कोकोच्या शेंगेपासून वेष्टनापर्यंतचा प्रवास दाखवतात. ही फेरी फुकट आहे. बिया भाजण्याचा टप्पा येतो तेव्हा गाडी लालसर उजेडाच्या बोगद्यात शिरते, अंगाला खरोखर ऊब लागते आणि नाकात कोकोचा वास भरतो. दूध कुठून येतं हे सांगायला यांत्रिक गाई गाणं म्हणतात. ते गाणं पुढचे दोन दिवस मुलं सोडत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी ते तुमच्याही तोंडी बसलेलं असतं. उतरताना हातावर छोटंसं चॉकलेट ठेवतात. कारखाना बघितल्याचं समाधान यातून मिळणार नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला चॉकलेट कसं होतं ते समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

मग मूळ कारखान्याचं काय झालं?

चॉकलेट अॅव्हेन्यूवरचा जुना कारखाना २०१२ मध्ये बंद झाला आणि उत्पादन गावाच्या पश्चिमेकडच्या आधुनिक कारखान्यात गेलं. जुन्या इमारतीचा मोठा भाग पाडला, काही भाग कचेऱ्यांसाठी राखला. दोन उंच धुराडी मात्र अजून उभी आहेत, त्यांच्यावर वरून खाली 'हर्शी' अशी अक्षरं आहेत. फोटो काढायचा तर तिथे काढा. पार्कच्या दारातला फोटो सगळ्यांकडेच असतो.

गावात खरंच चॉकलेटचा वास येतो?

जुने लोक सांगतात तसा घमघमाट आता नाही, कारण भर गावातला कारखानाच गेला. तरी वारा बरोबर असेल, हवा दमट असेल, तर पश्चिमेकडून येतो. गावात रीसचाही कारखाना आहे. पीनट बटर भरलेले ते नारिंगी वेष्टनातले कप याच गावचे. एच. बी. रीस हा गृहस्थ हर्शीच्या दूधगोठ्यांवर नोकरीला होता. पुढे त्याने स्वतःचा धंदा काढला, १९२८ मध्ये हे कप बाजारात आणले आणि चॉकलेट हर्शीकडूनच विकत घेत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर, १९६३ मध्ये, त्याची कंपनी हर्शीत विलीन झाली. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं मूल बरोबर असेल, तर या गावात जरा डोळ्यांत तेल घालूनच वावरावं लागतं.

इतक्या आडबाजूला कारखाना का काढला?

दुधासाठी. चॉकलेट म्हटलं की आपल्याला कोको आठवतो. कोको बोटीने आणि रेल्वेने कुठेही येतो. ताजं दूध तसं येत नव्हतं.

मिल्टन हर्शीचा जन्म १८५७ चा, याच भागातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबातला. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. लँकेस्टरला एका मिठाईवाल्याकडे उमेदवारी केली, मग फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान काढलं, ते बुडालं. डेन्व्हरला गेला, तिथे ताजं दूध घालून कॅरॅमल करायची रीत शिकला. शिकागो जमलं नाही, न्यूयॉर्कलाही दिवाळं. नातेवाईकांनी तोंड फिरवल्यावर १८८० च्या दशकात लँकेस्टरला परत येऊन त्याने पुन्हा कॅरॅमल सुरू केलं आणि या वेळी धंदा तुफान चालला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याला जर्मनीच्या ड्रेस्डेनहून आलेली चॉकलेटची यंत्रं दिसली. त्याने ती विकतच घेतली. १९०० मध्ये चाललेला कॅरॅमलचा कारखाना त्याने दहा लाख डॉलरना विकला आणि चॉकलेटचं तेवढं स्वतःकडे ठेवलं.

मिल्क चॉकलेट तेव्हा स्विस लोकांची मिरास, श्रीमंतांचं खाणं. दुधात पाणी, कोकोत चरबी, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. पाणी आटवावं तर दूध करपतं. हर्शीने जन्मगावच्या वाडीवर दूध आटवण्याचे प्रयोग केले, रीत सापडल्यावर १९०३ मध्ये तिथेच कारखान्याचं बांधकाम काढलं आणि १९०५ मध्ये कारखाना सुरू झाला. चहूकडे दूधदुभतं, पाणी मुबलक, रेल्वे जवळ आणि जमीन स्वस्त. लोकांनी तेव्हा वेड्यात काढलं, कारण आजूबाजूला मक्याची शेतं सोडून काही नव्हतं.

गाव त्यानेच वसवलं, म्हणजे नेमकं काय केलं?

रस्ते आखले, घरं बांधली, ट्राम आणली, बँक, दुकान, शाळा, बाग काढली. मुख्य रस्ते दोन: चॉकलेट अॅव्हेन्यू आणि कोको अॅव्हेन्यू. बाकीच्यांना जिथून कोको यायचा त्या ठिकाणांची नावं: त्रिनिदाद, जावा, काराकस, ग्रॅनडा. कामगारांच्या चाळी नकोत, एका साच्यातली घरंही नकोत, असा त्याचा आग्रह होता. आजही त्या रस्त्यांवरून चाललं की घरांची धाटणी वेगवेगळी दिसते, समोर ओसरी, मागे अंगण.

गावाचं नाव ठरवायला स्पर्धा ठेवली तेव्हा 'हर्शीकोको' हे नाव पहिलं आलं. टपाल खात्याने ते फारच जाहिरातबाज म्हणून नाकारलं, आणि १९०६ मध्ये नुसतं 'हर्शी' उरलं. टपाल खात्याचे आभारच मानायला हवेत.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवायला घेतली ती १९१० मध्ये. म्हणजे हे दोन्ही प्रयोग साधारण एकाच काळातले. किर्लोस्करवाडीत वाढलेले एक काका हर्शीच्या रस्त्यांवरून फिरताना पार्कपेक्षा घरांच्या रांगाच बघत होते आणि कुठलं घर साहेबाचं, कुठलं फोरमनचं याचे अंदाज बांधत होते.

म्हणजे सगळं गोडच होतं?

असं कुठे असतं? मालक चांगला असला तरी मालकच. घर त्याचं, दुकान त्याचं, ट्राम त्याची, आणि गावात मत द्यायला नगरपालिका नाही.

१९३० च्या मंदीत त्याने मोठमोठी बांधकामं काढून लोकांना कामाला लावलं. टेकडीवरचं हॉटेल हर्शी १९३३ चं, बर्फावरच्या खेळांचं सभागृह १९३६ चं. यंत्राने खोदलं तर चाळीस माणसांचं काम होतं असं ऐकल्यावर 'मग यंत्र काढा आणि चाळीस माणसं घ्या' असं तो म्हणाल्याची गोष्ट गावात सांगतात. पण त्याच दशकात, एप्रिल १९३७ मध्ये, कामगार संघटनेच्या लोकांनी कारखान्यात ठिय्या दिला. कारखाना बंद, म्हणजे शेतकऱ्यांचं दूध वाया. चिडलेले शेतकरी आणि कंपनीच्या बाजूचे लोक दंडुके घेऊन आत घुसले आणि संपकऱ्यांना बडवून बाहेर काढलं. संघटना पुढे आलीच, पण गोडगोड गावाच्या इतिहासात हा डाग आहे.

कंपनीचा नफा एका शाळेला जातो, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि माझ्या मते हर्शीला जाण्याचं हेच मुख्य कारण आहे. रोलर कोस्टर न्यू जर्सीतही आहेत.

मिल्टन आणि त्याची बायको कॅथरीन, जिला सगळे किटी म्हणत, यांना मूलबाळ झालं नाही. १९०९ मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी एक निवासी शाळा काढली. किटी १९१५ मध्ये वारली. १९१८ मध्ये मिल्टनने कंपनीतले आपले शेअर, तेव्हाचे सुमारे सहा कोटी डॉलर, शाळेच्या विश्वस्त निधीच्या नावे करून टाकले. त्याची बातमी वर्तमानपत्रांत यायलाही काही वर्षं लागली. १९४५ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या स्वतःच्या नावावर फारसं काही उरलं नव्हतं.

तो निधी आज अब्जावधी डॉलरचा आहे. चॉकलेट कंपनीचे शेअर बाजारात मिळतात, पण मतांचं बहुमत निधीकडे आहे. पार्क आणि हॉटेलं चालवणारी वेगळी कंपनी तर पूर्णपणे निधीचीच. म्हणजे तुम्ही चॉकलेट घ्या, पार्कचं तिकीट काढा किंवा हॉटेलात उतरा, पैशाची एक वाट शाळेकडे जाते. मिल्टन हर्शी स्कूलमध्ये आज दोन हजारांहून अधिक मुलं-मुली शिकतात, सगळी कमी उत्पन्नाच्या घरांतली. राहणं, जेवण, कपडे, औषधपाणी, सगळं फुकट. मुळातली अट मात्र फक्त गोऱ्या, अनाथ मुलग्यांची होती. वर्णाची अट १९६० च्या दशकाच्या शेवटी गेली आणि मुलींना दार उघडलं ते १९७० च्या दशकात.

२००२ मध्ये विश्वस्तांनीच चॉकलेट कंपनी विकायला काढली. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, असा त्यांचा हिशेब. च्युइंग गमवाल्या रिग्लीने साडेबारा अब्ज डॉलर देऊ केले. तेव्हा गावकरी, कामगार आणि शाळेचे माजी विद्यार्थी असे सगळे रस्त्यावर उतरले, राज्याचे अॅटर्नी जनरल कोर्टात गेले, आणि विश्वस्तांना माघार घ्यावी लागली. कंपनी गावातच राहिली.

शाळा बघता येते का?

गाडीतून जाता-येता आवार दिसतं, शेतं दिसतात, मुलं राहतात ती घरं दिसतात. मुलांची राहती जागा आहे, पर्यटनस्थळ नव्हे, एवढं लक्षात ठेवून वागावं. फोटोसाठी कुणाच्या अंगणात शिरू नये.

टायटॅनिकची गोष्ट काय आहे?

हर्शी दांपत्याने टायटॅनिकसाठी तीनशे डॉलर आगाऊ भरले होते. पण कामानिमित्त लवकर निघावं लागलं आणि ते दुसऱ्या, जर्मन बोटीने परतले. तो चेक जपून ठेवलेला आहे.

पार्क कामगारांसाठी होतं म्हणतात. मग पर्यटनस्थळ कसं झालं?

हर्शीपार्क १९०७ मध्ये सुरू झालं तेव्हा ती गावची बाग होती: झाडं, बँडचा चौथरा, होडी, चेंडूफळीचं मैदान. आधी मेरी-गो-राउंड आलं, मग पाळणे, आणि पुढे रोलर कोस्टर. 'कॉमेट' हा लाकडी कोस्टर १९४६ चा आहे आणि अजून खडखडत धावतो. लाकडी घोड्यांचं आत्ताचं मेरी-गो-राउंड १९१९ चं आहे. आजी-आजोबांनी एखादीच राइड करायची असेल तर ही करावी.

१९७० पर्यंत पार्कला कुंपण नव्हतं, कुणीही यावं, प्रत्येक राइडचं वेगळं तिकीट काढावं. १९७१ पासून कुंपण आलं, एकच प्रवेशशुल्क आलं आणि गावच्या बागेचं थीम पार्क झालं. पाठोपाठ चॉकलेट वर्ल्ड आलं, १९७७ मध्ये माणसाला उलटं करणारा 'सूपरडूपरलूपर' आला. आता तर २०२० मध्ये आलेला 'कँडीमोनियम' दारातच उभा असतो आणि मोठी मुलं आधी त्याच्याकडेच पळतात.

लहान मूल आहे, त्याला काय काय करता येईल?

वयावर नाही, उंचीवर ठरतं. दाराजवळच मोजमापाचे खांब असतात. प्रत्येक उंचीला एका गोळीचं नाव दिलेलं आहे: ३६ इंचांखाली मिनिएचर, ३६ ते ४२ किस, ४२ ते ४८ रीस, ४८ ते ५४ हर्शी, ५४ ते ६० ट्विझलर आणि ६० च्या वर जॉली रँचर. मनगटावर त्या रंगाची पट्टी बांधतात.

घरून निघण्यापूर्वी भिंतीला टेकवून मुलाची उंची घ्या. पाऊण तास रांगेत उभं राहून, तोंडाशी आल्यावर, एक इंच कमी भरला म्हणून परतणाऱ्या मुलाची समजूत घालणं कुठल्याही आईबापाच्या वाट्याला येऊ नये. बूट घालून मोजतात, त्यामुळे काठावरच्या मुलाला सपाट चपला घालू नका. टाचा उंचावलेल्या मात्र तिथल्या मुलींना लगेच कळतात, ती युक्ती नको.

दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. ज्येष्ठांना सवलत आहे.

आई-बाबांना झेपेल का?

पार्क डोंगरउतारावर आहे, चढउतार बऱ्यापैकी आहेत, आणि जुलैत ऊन आणि दमटपणा आपल्या मे महिन्याची आठवण करून देतो. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर भाड्याने मिळते. 'मला कशाला' असं बाबा म्हणतीलच, तरी घ्या. दिवसभर पार्कमध्ये बाकावर बसून पिशव्या सांभाळण्यात त्यांना काय रस असणार?

त्यापेक्षा गट फोडावा. मुलं आणि त्यांचे आईवडील पार्कमध्ये, आणि ज्येष्ठांना सकाळी हर्शी गार्डन्सला सोडावं. गुलाबाची बाग १९३७ मध्ये सुरू झाली, टेकडीवर आहे, तिथून खाली अख्खं गाव दिसतं. जूनमध्ये गुलाब बहरात असतात. काचेच्या घरातली फुलपाखरं अंगाखांद्यावर बसतात, आणि पायऱ्या फारशा नाहीत. दुपारी गावातल्या 'हर्शी स्टोरी' संग्रहालयात जावं. २००९ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय थंडगार आहे, जुनी वेष्टनं, यंत्रं, छायाचित्रं नीट मांडली आहेत, आणि वेगवेगळ्या देशांच्या कोकोचं गरम चॉकलेट छोट्या पेल्यांतून चाखायला देतात. बाबांसारखी वाचत वाचत पुढे जाणारी माणसं इथे दोन तास सहज काढतात.

एक दिवस पुरतो का?

पार्कपुरता पुरतो, गावासकट नाही. दीड दिवस काढावा. आदल्या दिवशी दुपारी पोचून चॉकलेट वर्ल्ड आणि गाव उरकावं, दुसरा अख्खा दिवस पार्कला द्यावा. आदल्या संध्याकाळी पार्कमध्ये थोडा वेळ डोकावू देणारी 'प्रीव्ह्यू' नावाची सोय बरीच वर्षं चालू आहे. तिकीट काढताना तुमच्या तारखेला ती आहे का ते पाहून घ्या. पार्कच्या तिकिटात पाण्याच्या घसरगुंड्यांचा भाग आणि झू अमेरिका हे छोटं प्राणिसंग्रहालय येतं. झूमध्ये फक्त उत्तर अमेरिकेतले प्राणी आहेत, हत्ती-जिराफांची अपेक्षा ठेवू नका.

कोणत्या मोसमात जावं?

पाण्यात खेळायचं तर जून ते ऑगस्ट, तेही मंगळवार-बुधवार गाठून. गर्दी नको असेल तर शाळा सुरू झाल्यानंतरचे सप्टेंबरमधले शनिवार-रविवार. नोव्हेंबरच्या मध्यापासून वर्षअखेरीपर्यंत नाताळची रोषणाई असते. फार थंडी पडली तर मोठे कोस्टर बंद ठेवतात, पण भारतातून आलेल्यांना दिवे आणि बर्फ एवढंच पुरतं. कानटोपी आणि हातमोजे मात्र न विसरता.

कसं जायचं?

गाडीने. एडिसनहून सुमारे अडीच तास: आय-७८ धरून पश्चिमेला, ती आय-८१ ला मिळते, मग ग्रँटव्हिलच्या फाट्यावरून रस्ता ७४३ ने खाली. फिलाडेल्फियाहून दोन तासांच्या आत-बाहेर, बाल्टिमोरहूनही साधारण तेवढंच, वॉशिंग्टनहून थोडं जास्त. हर्शीला रेल्वे स्थानक नाही. फिलाडेल्फियाहून अॅमट्रॅकने हॅरिसबर्गला येऊन पुढचे पंधरा-एक मैल टॅक्सीने जाता येतं, पण मुलं, स्ट्रोलर आणि पिशव्या असताना हा उद्योग करू नये.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

पार्कमध्ये पिझ्झा, फ्रेंच फ्राइज, मक्याचं कणीस, आइसक्रीम. उपाशी राहणार नाही, पण दुसऱ्या दिवशी पोळीची आठवण येईल. जाणती माणसं दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या आणि लोणचं गाडीत ठेवतात. हॅरिसबर्गच्या बाजूला भारतीय वस्ती बरीच आहे, इस्पितळामुळे हर्शीतही आहे, त्यामुळे परिसरात भारतीय जेवण मिळतं.

साध्या चॉकलेटच्या वड्यांत जिलेटिन नसतं. मार्शमेलोमध्ये असतं, आणि बिस्किटात चॉकलेट-मार्शमेलो भरलेला 'स्मोअर' तिथे जागोजागी विकतात. रबरासारख्या गोळ्यांचंही वेष्टन वाचून मगच घ्या. केक आणि ब्राउनीत अंडं असतं हे आजींना आधीच सांगून टाकावं, खाल्ल्यावर नाही.

इथलं चॉकलेट किंचित आंबट का लागतं?

लागतं, आणि ते खराब झालेलं नसतं. कॅडबरीवर वाढलेल्या आपल्या जिभेला पहिल्या घासालाच जाणवतं. दुधातल्या स्निग्धांशाचं थोडं विघटन झालं की ब्युटिरिक आम्ल तयार होतं. जुनं तूप खवट व्हायला लागलं की जो वास येतो त्याच जातीचा. हर्शीची दूध आटवण्याची जुनी रीत याला कारण, असं मानतात. अमेरिकन माणसाला ही चव म्हणजेच चॉकलेटची चव वाटते. न आवडल्यास डार्क वडी घ्या, तिच्यात हा आंबटपणा जवळपास कळत नाही.

चॉकलेट तिथूनच घ्यावं का? भारतात न्यायचं आहे.

नेहमीच्या वड्या आणि किस, म्हणजे हर्शीची चंदेरी कागदातली छोटी टोकदार चॉकलेटं, घराजवळच्या मोठ्या दुकानात बहुधा स्वस्त पडतात. चॉकलेट वर्ल्डमधून फक्त वेगळं काहीतरी घ्या: भलीमोठी वडी, नाव घातलेला डबा, किंवा पैसे भरून मुलांनी स्वतः तयार केलेली वडी. तिचं वेष्टनही मुलंच संगणकावर रंगवतात, आणि ती वडी घरी आल्यावर महिनोन् महिने फ्रिजमध्ये पडून राहते, कारण फोडायची नसते.

खरेदी दिवसाच्या शेवटी करा. उन्हाळ्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या डिकीत चॉकलेटचा लगदा होतो. विमानातून न्यायला अडचण नाही. किसच्या पिशव्या चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात.

फुकटात काय बघता येतं?

चॉकलेट वर्ल्डची फेरी, आणि सगळं गाव. चॉकलेट अॅव्हेन्यूवरचे पथदिवे किसच्या आकाराचे आहेत: एक चंदेरी वेष्टनातला, वर कागदाची शेपटी असलेला, पुढचा उघडा तपकिरी. मुलं ते मोजत चालतात, त्यामुळे चालण्याची कुरकुर होत नाही. किस १९०७ पासून आहे, कागदाची शेपटी मात्र १९२१ ची. पार्कजवळचं जुनं क्रीडागृह बाहेरून बघा. २ मार्च १९६२ ला विल्ट चेंबरलेनने एकाच सामन्यात शंभर गुण केले ते इथेच, आणि बास्केटबॉलवेड्या मुलाला हे सांगितलं तर तो त्या साध्याशा इमारतीसमोरून हलत नाही. गावच्या स्मशानभूमीत मिल्टन आणि किटीची कबर आहे.

मुक्काम कुठे करावा?

खिसा परवानगी देत असेल तर हॉटेल हर्शी. मुलांचं खेळणं महत्त्वाचं असेल तर हर्शी लॉज. नाहीतर हमल्सटाउन, ग्रँटव्हिल किंवा हॅरिसबर्गच्या बाजूला साधी हॉटेलं, पंधरा-वीस मिनिटांवर.

जवळपास आणखी काय जोडता येईल?

लँकेस्टरकडची आमिश लोकांची शेतं, तासाभरावर. घोडागाड्या आणि विजेशिवाय चाललेली घरं बघून आजी-आजोबांना गावाकडची आठवण येते. हमल्सटाउनजवळ 'इंडियन एको' नावाची चुनखडीची गुहा आहे, आत बारा महिने गारवा असतो. देवदर्शन हवं असेल तर हॅरिसबर्गपलीकडे न्यू कंबरलँडला मोठं हिंदू मंदिर आहे.

पाऊस आला तर?

विजा चमकू लागल्या की मोठ्या राइड थांबवतात आणि अख्खं पार्क चॉकलेट वर्ल्डकडे पळतं. तिथे मग पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी उलट्या दिशेला, गावातल्या संग्रहालयाकडे निघावं. उन्हाळ्यातली सर बहुतेक तासाभरात ओसरते, आणि त्यानंतर कोस्टरच्या रांगा दिवसभरात नसतील एवढ्या छोट्या असतात.